समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

(लोणार येथे शिक्षक व पालकांपुढे केलेले भाषण)



जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पाण्याचे नमुने प्रयोगशाळांत गेले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे निष्पन्न झाले. पाण्याचा रंग बदलला, ते साऱ्या जगाला दिसले. पण वर्गातील एखादा मुलगा बोलेनासा होतो, डबा न उघडताच घरी नेतो, त्याचा बदललेला रंग कोणाला दिसतो? बहुधा वर्गशिक्षकालाच. आणि तो त्याला उभे करून चार शब्द सुनावतो!

'समुपदेशन' या शब्दातच उपदेश दडला आहे, हे त्या शब्दाचे दुर्दैव. उपदेशाची आपल्या घरांत वाण नाही. शेजारच्या मुलाचे गुण तोंडपाठ असतात. आपल्या मुलाची झोप उडाली आहे, हे मात्र ठाऊक नसते. समुपदेशक आधी ऐकतो. निवाडा करीत नाही, तुलना करीत नाही. मुलाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर आला, तर 'मरणाचे विचार मनात येतात का?' असे त्याला शांतपणे, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. मात्र 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन शिक्षकाने देऊ नये. जिवाला धोका असेल, तर पालकांना व डॉक्टरांना सांगावेच लागते.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली. लोणारच्या मुलाला मात्र मेहकर, चिखली ओलांडून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. शिवाय 'वेड्यांच्या डॉक्टरांकडे' नेल्याचा बोभाटा होईल, ही आईवडिलांची धास्ती असतेच. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे. जेथे शिपायाचे पद भरायला वर्षे जातात, तेथे समुपदेशक केव्हा येईल, हे सांगणे न लगे. परंतु गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, मुलांचा चारचौघांत पाणउतारा करू नये, हेही त्याच निर्देशांत आहे. त्याला कोणत्या मंजुरीची वाट पाहायची? 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दर्शनी भिंतीवर रंगवायला एक डबा रंग पुरतो. तेथे चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

बुलढाणा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. कर्जाची चर्चा ऐकत वाढणाऱ्या मुलाला दहावीचा निकाल केवळ स्वतःचा वाटत नाही. बापाच्या कष्टांचा हिशेब वाटतो. म्हणूनच निकालापूर्वी घरात दोन गोष्टी व्हाव्यात. पहिली, अनुत्तीर्णांसाठी २०१५ पासून निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते, वर्ष वाया जातेच असे नाही, हे वडिलांनी स्वतः मुलाला सांगावे. आईकरवी निरोप नको.

दुसरी गोष्ट फवारणीच्या औषधाची. ते आज बहुतेक घरांत खाटेखाली वा गोठ्याच्या फळीवर असते. जीव देण्याची तीव्र उबळ अनेकदा थोडाच वेळ टिकते. हाताशी साधन नसले, तर ती ओसरण्यास अवधी मिळतो. औषध पेटीत ठेवून कुलूप लावावे आणि किल्ली थोरल्या माणसाने स्वतःजवळ बाळगावी. हे निकालाच्या आदल्या दिवशी नव्हे, आज घरी गेल्यावर करावे.