देवगिरीच्या अक्षांशावरची आकाशवही

नव्या वर्षाची आकाशदर्शन-पुस्तिका हौशी निरीक्षकाच्या हाती पडते, ती बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतल्या वाचकासाठी लिहिलेली असते. तिच्यात १२-१३ ऑगस्टच्या ययाती उल्कावर्षावाचे मोठे कौतुक. मराठवाड्यात तेव्हा आभाळ भरलेले! इथे खरा मान १३-१४ डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावाला द्यायला हवा. हवा कोरडी असते, संध्याकाळनंतर मिथुन रास उगवते आणि रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येते.

छत्रपती संभाजीनगर सुमारे १९.९ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर दिसतो. हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी, एवढीच उंची. उत्तरेत जे उणे, ते दक्षिणेत भरून निघते. वसंत व्याख्यानमालांच्या दिवसांत, मेच्या मध्यावर, रात्री साडेनऊच्या आसपास दक्षिणेला त्रिशंकू उभा असतो. त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक. त्रिशंकूचा खालचा तारा क्षितिजापासून केवळ सात अंश वर येतो, म्हणून गच्चीवरून तो धुळीत आणि दिव्यांच्या उजेडात हरवतो. म्हैसमाळसारखे उघडे पठार गाठावे. लंडनमधून हा तारकासमूह कधीच दिसत नाही, मग तिथल्या पुस्तिकेत त्याला जागा कुठून असणार? अगस्त्याचेही तेच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला सतरा अंशांवर ठळक चमकतो.

स्थळानुसार गणित बदलते, ही जाण या मातीत जुनी आहे.

भास्कराचार्यांनी ११८३ हे वर्ष आरंभ धरून ‘करणकुतूहल’ रचले. कलियुगाच्या आरंभापासूनचे लक्षावधी दिवस मोजत बसण्याऐवजी जवळच्या दिवसापासून ग्रह काढण्याची सोय त्यात आहे. पंचांग करणाऱ्याच्या हाताशी असावा असाच हा ग्रंथ. गावाच्या रेखांशासाठी ‘देशांतर’ आणि अक्षांशासाठी ‘चर’ असे संस्कार आपल्या गणितींनी नेमून दिले होते. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथला शिलालेख सांगतो, की १२०७ साली श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहण लागले असताना या मठाला दान दिले गेले. ऐन पावसाळ्यातले ग्रहण! पाटणचे ते जंगल आज गौताळा अभयारण्यात येते, कन्नडचा घाट उतरला की जवळच. आकाश पाहणाऱ्या प्रत्येकाने तो लेख एकदा पाहून यावा.

देशांतराचा अनुभव आजही भर दुपारी घेता येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, शहर ७५.३ वर, फरक सुमारे २९ मिनिटांचा. १९-२० मेच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो, पण बाराच्या ठोक्याला नव्हे, १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास. गच्चीत सपाट जागी स्टीलचा उभट पेला पालथा घालावा. सव्वाबाराला बाजूला दिसणारी सावलीची बारीक कोर आक्रसत जाते आणि काही क्षण पेल्याभोवती सगळीकडे ऊनच ऊन उरते. २३-२४ जुलैला साडेबारानंतर पुन्हा हीच संधी, ढगांनी वाट दिली तर. शाळांनी मेच्या सुटीतही मुलांना यासाठी बोलवावे, इतके हे दृश्य मोलाचे आहे.

म्हणून परक्या पुस्तिकेवर विसंबण्यापेक्षा वही आपणच आखावी. जूनचा मध्य ते सप्टेंबरअखेर मोठे बेत नकोत. ऑक्टोबर ते मे मोकळे ठेवावेत. पहिली खूण अमावास्यांजवळच्या शनिवार-रविवारांवर. त्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते, कारण तिथी म्हणजेच चंद्राच्या उजेडाचा हिशेब. मिथुन उल्कावर्षावाच्या रात्री शुद्ध अष्टमी असेल तर चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पहाटेपर्यंतचे उत्तम तास अंधारात मिळतात. वद्य अष्टमी असेल तर तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तेव्हा आठलाच सतरंजी अंथरावी.