स्टिरिओस्कोप वेगळा, स्टिरिऑप्टिकॉन वेगळा

अल दुहैलमध्ये असा किंवा दोह्यात आणखी कुठे, आज आधी एक कोडं. लहानपणी व्ह्यू-मास्टर पाहिला असेलच. त्याच्या गोल चकतीवर चित्रं असतात १४, पण खटका दाबत गेलं की दिसतात ७च. बाकीची सात जातात कुठे?

कुठेच नाही. प्रत्येक वेळी एक चित्र डावा डोळा पाहतो, दुसरं उजवा. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं, म्हणून दोघांना दिसणारं दृश्य किंचित वेगळं असतं. मेंदू ते जुळवतो आणि जवळ-लांब कळतं. हाच स्टिरिओस्कोप. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली तो आरसे वापरून मांडला, पुढे त्यात भिंगं आली. मात्र पाहणारा एका वेळी एकच.

स्टिरिऑप्टिकॉन नावावरून त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण तो निघतो जादूचा कंदील! हे नाव अमेरिकेत १८६०च्या दशकात रूढ झालं. मागे दिवा, मध्ये काचेवरचं चित्र, पुढे भिंग आणि समोर पडदा. त्यातही बहुधा दोन भिंगं असत, पण ती एक चित्र विरत असताना दुसरं उमटावं म्हणून. चित्र सपाटच, पण पाहायला अख्खं सभागृह.

आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली कंदिलाचा असाच खेळ सुरू केला, ‘शांबरिक खरोलिका’. शांबरी विद्या म्हणजे मायाजाल. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत आला तो ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे चार वर्षांनंतर.

आता हा फरक आपल्या कामाचा कसा, ते ऐका. सुट्टीत गावी गेलं की माळा आवरला जातो. एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन सारखे फोटो सापडले, तर ‘एक तुला, एक मला’ म्हणून कापू नका. जोडी तुटली की त्यातली गंमत संपली. एकच रंगीत चित्र असलेली काच सापडली, तर ती ओल्या फडक्याने पुसू नका, रंग निघून येईल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हे कोणी आणलं, कुठे दाखवायचे. आणि मिळालेलं उत्तर त्याच डब्यात चिठ्ठीवर लिहून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!