बाजूच्या शेवटी ठेवलेली धून

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे 'सुगम संगीत' हा शब्द घरोघर पोचवला तो रेडिओनं. ऐकायला सुगम, म्हणजे करायलाही सोपं, असा एक गैरसमजही त्या शब्दाबरोबर पोचला. ख्याल गाणाऱ्याला जो मान, तो भावगीताला पेटीची साथ करणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. अमेरिकेतल्या जॅझच्या घरातही असा एक धाकटा भाऊ आहे. त्याचं नाव स्मूथ जॅझ. ठेका संथ, चाल गुणगुणता येण्याजोगी, वाद्यांचा कोलाहल नाही. 'हे तर लिफ्टमधलं संगीत' म्हणून जाणकार त्याला नाकं मुरडतात. या संगीताच्या वडीलधाऱ्यांत गणना होणाऱ्या एका कीबोर्डवादकाबद्दल आज बोलायचं आहे. त्यांचं नाव बॉब जेम्स.

जन्म २५ डिसेंबर १९३९, मिसुरी राज्यातल्या मार्शल या लहानशा गावी. चौथ्या वर्षी पियानोला हात लागला. पुढे मिशिगन विद्यापीठात संगीतरचनेचं पदव्युत्तर शिक्षण झालं. १९६२ साली नोत्र दाम विद्यापीठाच्या जॅझ महोत्सवात क्विन्सी जोन्स परीक्षक होते. त्यांनी या तरुणाला हेरलं आणि १९६३ मध्ये 'बोल्ड कन्सेप्शन्स' हा पहिला अल्बम निघाला. १९६५ चा 'एक्स्प्लोजन्स' हा अल्बम मात्र आज ऐकला तर आपण दचकू. पियानोच्या जोडीला टेपवरचे इलेक्ट्रॉनिक आवाज, खरखर, स्फोट! म्हणजे हा माणूस सौम्य संगीताकडे वळला तो अवघड काही जमत नव्हतं म्हणून नव्हे. अवघड करून झाल्यावर वळला.

मग काही वर्षं त्यांनी सारा व्हॉन या थोर गायिकेला साथ केली. गायिकेनं श्वास घेतला की तेवढी जागा भरायची आणि ती पुन्हा गाऊ लागली की मागं सरायचं. आपल्याकडचा कुठलाही चांगला पेटीवादक हेच करतो. माझ्या मते जेम्स यांच्या वादनातला मोकळेपणा या साथीतून आला असावा.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये क्रीड टेलर यांच्या सीटीआय कंपनीसाठी ते संयोजक म्हणून काम करू लागले. संयोजक म्हणजे कोण? चाल एकाची असते, वाजवणारे दुसरे असतात. पण व्हायोलिनं कुठं शिरतील, बास कुठं थांबेल, हे कागदावर मांडणारा तिसराच असतो. ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांचा 'मिस्टर मॅजिक' हा १९७५ चा गाजलेला अल्बम घ्या. सॅक्सोफोन वॉशिंग्टन यांचा, मांडणी बॉब जेम्स यांची. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूळ गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी असंच काम केलं. ती गाणी आपल्याला तोंडपाठ आहेत. डिसूझा हे नाव मात्र किती जणांना आठवतं?

जेम्स यांचं आवडतं वाद्य म्हणजे फेंडर ऱ्होड्स हा विजेवरचा पियानो. पट्टी दाबली की आत एक हातोडी बारीक धातूच्या कांडीवर आपटते. शेजारचं चुंबकाचं वेटोळं ती थरथर टिपतं, आणि ध्वनिवर्धकातून घंटेसारखा ओलसर नाद येतो. हॅरॉल्ड ऱ्होड्स हे मूळचे पियानोशिक्षक. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानाच्या सुट्या भागांतून मांडीवर ठेवण्याजोगा छोटा पियानो घडवला होता, तो रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या सैनिकांना शिकवण्यासाठी. त्या प्रयोगांतून पुढं हे वाद्य आलं. स्मूथ जॅझचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो, तो बराचसा या कांड्यांचा आहे.

१९७४ मध्ये जेम्स यांचा 'वन' हा अल्बम आला. त्यात सहा रचना. एकीचा आधार पाखेलबेलचा, एक मुसॉर्गस्कीची, एक तेव्हा लोकांच्या ओठांवर असलेलं गाणं. आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, सुई आतल्या वर्तुळाशी पोचते तिथं, 'नॉटिलस' नावाची त्यांची स्वतःची धून. रेकॉर्डच्या बाजूचा शेवट ही काही मानाची जागा नव्हे. तिथवर पोचेपर्यंत ऐकणारा बहुधा चहाला उठलेला असतो.

१९७७ साली जेम्स यांनी एक धाडस केलं. स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीवर तेव्हा असलेल्या पुलावरून तिचं नाव ठेवलं, टॅपन झी. विक्री-वितरण कोलंबिया या मोठ्या कंपनीकडे, पण घर आपलं. मुखपृष्ठांवर वादकाचा हसरा चेहरा नसे. पॉला शेर या ग्राफिक डिझायनरनं कुठं मोठं नाणं, कुठं फुटबॉल, अशा एकेका वस्तूची चित्रं दिली. रिचर्ड टी, जोआन ब्रॅकीन अशा इतर पियानोवादकांच्या रेकॉर्डही तिथून निघाल्या. 'वन'पासूनचे आधीचे चार अल्बमही पुढं टॅपन झीच्या नावानं पुन्हा आले.

१९७८ मध्ये 'टॅक्सी' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्या एका भागातल्या अँजेला नावाच्या पात्रासाठी त्यांनी छोटी धून केली होती. निर्मात्यांना ती एवढी आवडली की आधी ठरलेली शीर्षकधून बाजूला ठेवून हीच घेतली. इथंही तेच झालं. कोपऱ्यात ठेवलेलं होतं ते दारात आलं.

खरा नवलाचा भाग यापुढं आहे. ऐंशीच्या दशकात हिप-हॉपवाल्या पोरांनी जुन्या रेकॉर्ड धुंडाळायला सुरुवात केली. एखाद्या रेकॉर्डमधला चार-सहा सेकंदांचा तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा आणि त्यावर शब्द म्हणायचे. १९८६ मध्ये रन-डीएमसी यांच्या 'पीटर पायपर'मध्ये जेम्स यांच्या एका रेकॉर्डच्या सुरुवातीच्या घंटा वाजल्या. गंमत अशी की ते गाणं मुळात पॉल सायमन यांचं होतं. घंटा मात्र जेम्स यांच्या ध्वनिमुद्रणातल्या. म्हणजे चालीचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. आणि 'नॉटिलस'? १९८८ मध्ये स्लिक रिक, १९९६ मध्ये घोस्टफेस किला आणि आणखी कितीतरी जणांनी बाजूच्या शेवटची ती धून उचलली. लिफ्टमधलं म्हणून ज्याला हिणवलं, त्यावर रस्त्यावरच्या मुलांनी आपली गाणी उभी केली.

विनापरवाना उचलेगिरी जेम्स यांना सुरुवातीला रुचली नाही. त्यांनी कायद्याचा मार्गही धरला. पुढं मनातली अढी गेली. २०२३ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी 'जॅझ हँड्स' हा अल्बम काढला, त्यात डीजे जॅझी जेफ हे हिप-हॉपमधले नामवंत त्यांच्यासोबत आहेत.

पण ही समजूत बरोबरीच्या नात्यानं झाली, हे विसरता कामा नये. ज्याच्याकडे आपल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क असतो, त्याला 'विचारून घे' म्हणता येतं. ज्याच्याकडे नसतो, त्याला फक्त कौतुक ऐकून घ्यावं लागतं. आपल्याकडे २०१२ च्या कायदादुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाला संरक्षण दिलं. संयोजकाच्या कागदांचं काय, हा प्रश्न उरलाच आहे.

स्मूथ जॅझला रेडिओनं मोठं केलं. १४ फेब्रुवारी १९८७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये 'द वेव्ह' हे केंद्र सुरू झालं आणि गावोगाव तशी केंद्रं निघाली. मग श्रोते पांगले. न्यूयॉर्कचं असं केंद्र २००८ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत रॉक संगीताकडे वळलं. केंद्रं गेली तसे अनेक वादक आपलं ध्वनिमुद्रण आपणच करू लागले, आपणच विकू लागले. घरच्या खोलीत एक कीबोर्ड, एक संगणक, आणि कुणीतरी ऐकेल ही आशा.

अशा एखाद्या वादकानं मला विचारलं, तर मी एवढंच सांगेन: बाबा रे, सही करण्याआधी कागद नीट वाच. तुझी कुठली धून टिकेल हे आज तुलाही ठाऊक नाही. आणि आपण श्रोत्यांनी? कधी 'वन' हाती लागलाच, तर बाजू संपेपर्यंत चहाला उठू नका.