गर्भवतीचा रक्तदाब आणि आपले कर्तव्य
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानातील भाषण)



आजचा विषय आपल्या लेकी-सुनांचा आहे; तथापि सासूबाईंनी आणि पुरुष मंडळींनीही तो लक्षपूर्वक ऐकावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

गर्भधारणेच्या 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक होतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात अथवा यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांवर ताण येतो, तेव्हा त्या विकारास प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. तो बळावल्यास झटके येतात आणि माता व बालक दोघांचेही प्राण संकटात सापडतात. पूर्वीपासून रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्या, जुळी बाळे पोटात असणाऱ्या आणि मागील बाळंतपणात हाच त्रास झालेल्या स्त्रियांना धोका अधिक असतो.

दिवस राहिले की रक्तदाबाची गोळी बंद करावी, असा समज घरोघरी आढळतो. एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे गर्भारपणी वर्ज्य आहेत, हे खरे. परंतु लॅबेटालॉल व निफेडिपिन ही औषधे डॉक्टर गर्भवतीस देतात. म्हणून गोळी परस्पर सोडू नये. डॉक्टरांकडून ती बदलून घ्यावी. अमेरिकेत जुना सौम्य रक्तदाब असलेल्या 2408 गर्भवतींच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. रक्तदाब 140/90 च्या खाली राखण्यासाठी औषध दिलेल्या गटात शंभरांतील सुमारे 24 जणींना प्रीएक्लॅम्पसिया झाला. रक्तदाब फार वाढेपर्यंत औषध न दिलेल्या गटात 31 जणींना. औषधामुळे कमी वाढीच्या बाळांचे प्रमाण वाढले नाही.

धोका अधिक असल्यास डॉक्टर अल्प मात्रेत ॲस्पिरिनही देतात. ते रक्तदाबाचे औषध नव्हे, तर प्रतिबंधक आहे. शक्यतो 16 आठवड्यांपूर्वी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावे.

आपल्या महाराष्ट्राचेही यात मोठे योगदान आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय येथे 2015 ते 2017 या काळात तीव्र रक्तदाबाच्या 894 गर्भवतींवर तोंडाने घ्यावयाच्या तीन औषधांचा अभ्यास झाला. सहा तासांत, विपरीत परिणामाविना, रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण निफेडिपिनने 84, लॅबेटालॉलने 77 व मिथाइलडोपाने 76 टक्के होते. साध्या गोळीनेही, सलाइनची सोय नसलेल्या ठिकाणी, प्राण वाचू शकतात, हा त्याचा अर्थ.

आपल्या समाजात चौविहाराचा नियम श्रद्धेने पाळला जातो. रक्तदाबाची गोळी मात्र दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावी लागते. आपला नियम डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. वेळा बसवता येतील का, हे विचारावे. मात्र मात्रा चुकवू नये. उपवासाचा विचारही त्यांच्या सल्ल्यावाचून करू नये. गर्भातील जीवाचे रक्षण हीदेखील अहिंसाच होय.

पहिल्या बाळंतपणास लेक जिंतूर, सेलू, गंगाखेडहून माहेरी निघाली, की तिच्यासोबत तपासणीचे कागद, गोळ्यांची नावे आणि रक्तदाबाच्या नोंदी आठवणीने द्याव्यात. दरमहा 9 तारखेस शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली कळ, चेहऱ्यावर एकाएकी सूज यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्या घरी येणारे प्रत्येक बाळ सुखरूप येवो आणि त्याची आई त्याला कुशीत घेण्यास सुखरूप असो, हीच मंगल कामना. जय जिनेंद्र!