नोंदवहीच्या तीन प्रती



संगणकाच्या विषयावर बोलण्यास एका वैद्यकाला उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. आपल्या सभासदांचे रक्तगट आणि आणीबाणीत कळवावयाचे नातेवाईक यांची नोंदवही कोठे ठेवावी, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. आपले तरुण अभियंते म्हणतात, ती ‘कुबरनेटिस’वर विखुरलेल्या डेटाबेसमध्ये ठेवू. मध्यरात्री कोणाला रक्त मिळणे ज्या नोंदीवर अवलंबून आहे, तिच्याविषयी आम्ही बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

नोंद नष्ट होणे म्हणजे काय, हे या कुवेतच्या भूमीला सांगावे लागत नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य येथे शिरले. दीड लाखांहून अधिक भारतीय पुढील काही महिन्यांत मायदेशी परतले, बहुतेक अम्मानमार्गे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडे दावा करताना आपण त्या काळात देश सोडला, हे दाखविणारा कागद लागला. मागे राहिलेल्या कुवेतींपुढे तर याहून भयंकर संकट होते. नागरी दफ्तरे नाहीशी करून देशाची लोकसंख्याच बदलून टाकण्याचा प्रयत्न चालला होता. २८ नोव्हेंबर १९९० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६७७ संमत करून त्याचा निषेध केला. १ ऑगस्ट १९९० पर्यंतच्या लोकसंख्या नोंदवहीची, कायदेशीर सरकारने प्रमाणित केलेली एक प्रत सरचिटणीसांनी आपल्या ताब्यात घ्यावी, असेही त्यात ठरले. ज्या संकटात मूळ दफ्तर सापडले, त्या संकटाचा हात जेथे पोहोचत नाही अशा जागी दुसरी प्रत ठेवणे, हेच विखुरलेल्या डेटाबेसचे मूळ तत्त्व होय.

आता कुबरनेटिस. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ कर्णधार, सुकाणू धरणारा. गूगलने २०१४ साली ही प्रणाली जगापुढे आणली. शुवैख बंदरात कंटेनर उतरतात, तद्वत संगणकाचे कार्यक्रम बंद डब्यांत भरून अनेक यंत्रांवर चढविले जातात. कोणता डबा कोठे राहील, हे कर्णधार ठरवतो. एखादा डबा निकामी झाला तर तो टाकून देतो आणि दुसरा उभा करतो. रुग्णालयात एक ड्यूटी डॉक्टर गेला तर दुसरा येतो, काम अडत नाही.

डेटाबेस मात्र डॉक्टर नव्हे, रुग्ण आहे. त्याला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर हलविताना त्याचे केसपेपर त्याच्याच मागे गेले पाहिजेत. म्हणून कुबरनेटिसमध्ये २०१६ साली एक वेगळी सोय झाली. तिचे पहिले नाव ‘पेटसेट’, त्याच वर्षअखेरीस ‘स्टेटफुलसेट’ झाले. तीत प्रत्येक डब्याला शून्य, एक, दोन असा कायमचा क्रमांक आणि स्वतःची टिकाऊ डिस्क मिळते. डबा मेला तरी नवा डबा त्याच नावाने उठतो आणि त्याच डिस्कशी जोडला जातो.

प्रती तीन असल्या तर खरी कोणती? यासाठी बहुमताचा नियम आहे. तिघांपैकी दोघांनी नोंद लिहून घेतली की ती पक्की. एक यंत्र बंद पडले तरी काम चालते. दोन पडली तर डेटाबेस लिहिणे थांबवतो, आणि ते योग्यच आहे, कारण चुकीचा रक्तगट सांगण्यापेक्षा गप्प राहणे बरे. चार प्रती केल्याने काही साधत नाही. चारांचे बहुमत तीन, म्हणजे तेथेही एकच यंत्र गमावता येते. पाच केल्या तर दोन गमावता येतात.

परंतु तिन्ही प्रती एकाच खोलीत असतील तर हे सारे गणित व्यर्थ. जून २०२४ मध्ये ऐन उन्हाळ्यात कुवेतमध्ये वीजकपात करावी लागली, हे आपण पाहिले. थंडावा गेला की तिन्ही यंत्रे एकत्रच मान टाकतील. प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर, शक्यतो वेगवेगळ्या इमारतींत ठेवाव्यात, असे कर्णधाराला स्पष्ट सांगावे लागते. सांगितल्याशिवाय त्याची खात्री धरू नये.

आणखी एक भ्रम आहे, आणि तो आम्हास सर्वांत धोक्याचा वाटतो. प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून शंभर नावे पुसली, तर ते पुसणे तितक्याच इमानाने तिन्ही ठिकाणी पोहोचते. बॅकअप कालची स्थिती जपतो, प्रती फक्त आजची.

मग आपण काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. ज्या बँकेला क्षणभरही थांबणे परवडत नाही, तिच्यासाठी हा थाट योग्य. आपल्या काही शे नावांसाठी एक साधा डेटाबेस पुरे; कुबरनेटिस सांभाळणारा तरुण उद्या नोकरी बदलून कॅनडास गेला तर ते जहाज हाकणार कोण? तरुणांनी ती विद्या अवश्य शिकावी, आपल्या मुला-मुलींना त्यात चांगल्या नोकऱ्या आहेत. नोंदवहीचा बॅकअप मात्र दर आठवड्यास सांकेतिक स्वरूपात घ्यावा. एक प्रत सालमियात, एक फहाहीलमध्ये आणि एक भारतात ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी त्यापैकी एक प्रत्यक्ष उघडून पाहावी.

ठराव ६७७ ने प्रत कोणी पाहावी व कशी वापरावी याचे नियम करण्यासही सांगितले होते. रक्तगट व आजार ही घरची गोष्ट असते. तेव्हा आपल्या नोंदवहीची किल्ली कोणत्या दोन व्यक्तींकडे असावी, हे कार्यकारिणीने पुढील बैठकीत नावानिशी ठरवावे, अशी आमची विनंती आहे.