आवाजाची विद्या

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज मी आपणांशी ध्वनिमुद्रणाविषयी बोलणार आहे. "हे तर सिनेमावाल्यांचे काम, आमच्या मुलांना त्याचे काय?" असा प्रश्न काही पालकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी स्वतःची एक चूक सांगतो.

१९८४ साली आमच्या घरी पहिला टेपरेकॉर्डर आला. माझ्या नानी दखनीतून फार सुंदर कहाण्या सांगत. एका दुपारी मी यंत्र कपाटावर ठेवले, बटण दाबले आणि निर्धास्त झालो. दोन वर्षांनी नानींचा इंतकाल झाला. कॅसेट लावली, तर पंख्याची घरघर, गल्लीतल्या रिक्षांचे भोंगे आणि कुठूनतरी लांबून येणारा नानींचा आवाज! शब्द एकही धड लागेना. पुढे एका जाणकाराने संगणकावर पंख्याचा आवाज कमी करून दिला, पण त्याबरोबर नानींचा आवाजही झिजला. दोष यंत्राचा नव्हता. पंखा बंद करून यंत्र जवळ ठेवायचे, एवढे मला कोणी शिकवले नव्हते.

म्हणून पहिला धडा अंतराचा. मायक्रोफोनचे अंतर दुप्पट केले, की बोलणाऱ्याचा थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे 'प', 'फ' उच्चारताना श्वासाचा फटका बसत नाही. रिकामी खोली घुमते. पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटे असलेली खोली आवाज शोषून घेते.

दुसरा धडा पातळीचा. आजच्या यंत्रात शून्य ही शेवटची मर्यादा असते. सर्वांत मोठा उच्चारही त्याच्या खाली, उणे बारा ते उणे सहाच्या दरम्यान राहावा. शून्याला टेकलेल्या ध्वनिलहरीचा माथाच कापला जातो आणि तो मागाहून खात्रीने भरून काढता येत नाही. आपला कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो; ती पकडण्यासाठी यंत्राला त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते. म्हणून संगीताच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० आणि चित्रपटासाठी सर्वसाधारणपणे ४८,००० मोजमापे घेतात.

तिसरा धडा शांततेचा. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते. बोलणे सुरू होण्यापूर्वी अर्धा मिनिट ती नुसती मुद्रित करून ठेवा. पुढे वाक्ये कापून जोडताना मधल्या जागी तीच उपयोगी पडते, नाहीतर तिथे खड्डा पडल्यासारखे वाटते.

इतके साधले, की ध्वनिरचना सुरू होते. संवाद, परिसराचे आवाज, हालचालींचे आवाज आणि संगीत यांतले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवणे म्हणजे ध्वनिरचना. आपल्या पुण्यातच प्रभात कंपनीने १९३७ साली 'कुंकू' चित्रपट काढला. त्यात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वापरलेच नाही. प्रसंगात जे वाजेल तेच प्रेक्षकांनी ऐकले. गाळणे हीसुद्धा कला आहे.

त्याच प्रभातच्या जागेवर १९६० साली चित्रपट संस्था स्थापन झाली. तिथूनच १९९५ साली रसूल पूकुट्टी हा केरळचा तरुण ध्वनीचे शिक्षण घेऊन बाहेर पडला. त्याच्या लहानपणी गावात वीज नव्हती. रॉकेलच्या दिव्यावर त्याने अभ्यास केला. २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह त्याला ऑस्कर मिळाले. पालकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या: या तरुणाने आधी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती. लहरींचा जो धडा आपली मुले परीक्षेपुरता पाठ करतात, तोच या विद्येचा पाया आहे.

मी कोणाला खोटी आशा दाखवत नाही. या क्षेत्रात बांधलेला पगार थोड्यांनाच मिळतो. बहुतेकांना कामागणिक पैसे मिळतात आणि सुरुवातीची वर्षे ओढाताणीची जातात. म्हणून पदवी सोडून यात उडी घेऊ नये. परंतु रेडिओ, वार्तापट, बोलकी पुस्तके, शैक्षणिक फिती, सभागृहांची ध्वनिव्यवस्था अशी कामे पुष्कळ आहेत, आणि ती मुलींनाही मुलांइतकीच जमतात. पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' हे केंद्र २००५ पासून आहे. तिथले कार्यक्रम लक्ष देऊन ऐका. संगणकावर काटछाट शिकण्यासाठी ऑडॅसिटी हे साधन विनामूल्य मिळते.

विद्यार्थी मित्रांनो, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. पंखा बंद करा, खिडकी लावा, मोबाइल वीतभर अंतरावर ठेवा. अर्धा मिनिट गप्प राहा. मग विचारा, "नानी, तुमच्या लहानपणी घर कसे होते?" आणि मध्ये न बोलता ऐका.

हा तुमचा पहिला पाठ. माझा चुकला, तुमचा चुकू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.