परमुलखातील मास्तरकी
(नागपूर येथे विणकर व शेतकरी मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही परमुलखात चार वर्षे पोरांना इंग्रजी शिकविले, त्याची हकीकत सांगावी असा आपला निरोप आला. आम्ही जातीचे कोष्टी, बाबांचा माग इतवारीच्या बाजूच्या एका बोळात होता, आणि त्यांनी सूत उधार आणून आम्हास बी. ए. केले, हे येथील म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. तेव्हा आपल्यापुढे मोठेपणाचा आव आणून काही उपयोग नाही. जसे घडले तसे सांगतो.

आम्ही गेलो तो देश इथिओपिया. आपली जुनी माणसे त्याला हबशांचा मुलूख म्हणत. १९६९ साली गेलो आणि १९७३ साली परत आलो. तेथे तेव्हा हैले सेलासी या बादशहाचे राज्य होते. शाळा वाढत होत्या, मास्तर पुरत नव्हते, म्हणून सरकार हिंदुस्थानातून करारावर मास्तर बोलावीत असे. केरळचे तर पुष्कळच होते. १९६२ पासून अमेरिकेचे तरुण स्वयंसेवकही येत. एकच शब्द अमेरिकन नाकातून बोले आणि आम्ही नागपुरी थाटात बोलत असू. कोणाचा खरा मानावा हे त्या पोरांना शेवटपर्यंत कळले नसावे.

इंग्रजांची वसाहत तो देश कधीच नव्हता. इटलीने १९३६ ते १९४१ एवढी वर्षे बळकावला होता, तेवढेच. तरीही तेथे वरच्या इयत्तांची भाषा इंग्रजी. सहावीपर्यंत सारे अम्हारिक भाषेत, म्हणजे दरबारच्या भाषेत. आणि सातवीत पाऊल टाकले की गणित, भूगोल, शास्त्र सगळे एका दिवसात इंग्रजीत. आठवीला सरकारी परीक्षा. तीत नापास झाला की पोराची शाळा बहुधा तेथेच आटोपली.

आमची नेमणूक काफा प्रांतात, जिम्मा शहराच्या बाजूच्या एका बाजारगावी झाली. तो कॉफीचा मुलूख. कॉफी तोडणीस आली की अर्धा वर्ग रिकामा होई. आपल्याकडे कापूस वेचणीला होतो तसाच. पहिल्याच दिवशी फजिती झाली. हेडमास्तर म्हणाले, उद्या दोन वाजता या. आम्ही दुपारी दोनला कोट घालून हजर, आणि पोरे सकाळपासून वाट पाहून कंटाळलेली. तेथील घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. त्यांचे वर्षही तेरा महिन्यांचे. त्यांची लिपी पाहून मात्र आम्हास माहेर भेटल्यासारखे झाले. तेहतीस मूळ अक्षरे आणि प्रत्येकाची सात रूपे. आपली बाराखडीच जणू. पोरे ती तशीच सूर लावून म्हणत.

आता आमच्या चुकीकडे येतो.

त्या भागातील शेतकऱ्यांची घरची भाषा ओरोमो. अम्हारिकही त्यांना परकीच. म्हणजे पोर पहिलीत आले की एकदा मुके होई, सहा वर्षे घासून दरबारी भाषा शिके, आणि सातवीत इंग्रजीपुढे पुन्हा मुके होई. दरबारचे लोक ओरोमो लोकांना ज्या नावाने हाक मारीत ते नाव त्यांना झोंबे. असली नावे आपणही ऐकली आहेत. शाळेच्या आवारात ओरोमो बोलल्यास शिक्षा होती. हा नियम आम्ही केला नव्हता. पण आम्ही तो पाळला, आणि दोन वर्षे पाळला, हे लपवून कशाला ठेवायचे? मनात आम्ही समजत असू की पोरांच्या भल्यासाठीच करतो आहोत.

सातवीत एक विणकराचा मुलगा होता. नाव सांगत नाही. इंग्रजी हा आमचा विषय, परंतु मास्तरांचा तुटवडा म्हणून गणितही आमच्याच गळ्यात. पुस्तकातले उदाहरण फळ्यावर लिहिले की तो खाली पाही. उभा केला तर ओठ हलत, शब्द फुटत नसे. वर्षाच्या मध्यास आम्ही त्याच्या नावापुढे एक शब्द लिहिला. मराठीत त्याचा अर्थ मठ्ठ.

पुढे एका शनिवारी बाजारात आम्हास मागाचा आवाज आला. आवाज ओळखीचा, म्हणून वळलो. पाहतो तो खड्डामाग! विणणारा जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, अगदी बाबा बसत तसा. तोच धोटा, तीच फणी. पांढऱ्या सुताचे पांघरूण निघते, त्याला ते शम्मा म्हणतात, आणि त्याच्या टोकांना रंगीत काठ. पलीकडे तो मुलगा सुताच्या लडी सोडवीत होता. एक गिऱ्हाईक आले आणि नेहमीपेक्षा कमी रुंदीचे कापड मागू लागले. बापाने पोराकडे पाहिले. पोराने बोटे न मोजता सांगितले की ताण्याचे इतके दोरे कमी करायचे, सूत इतके वाचेल आणि किंमत इतकी उतरेल. हा हिशेब आम्हास समजला, कारण लहानपणी असाच हिशेब चुकून आम्ही बाबांची चापट खाल्ली होती. आणि हेच उदाहरण, थोड्याफार फरकाने, आठ दिवसांपूर्वी आम्ही फळ्यावर इंग्रजीत घातले होते.

त्या रात्री जेवण गेले नाही. आम्हास नागपूरचे हिस्लॉप साहेब आठवले, ज्यांच्या नावाचे कॉलेज आपल्या शहरात आहे. ते १८४५ साली स्कॉटलंडहून येथे आले, त्यांनी शाळा काढली, इंग्रजी शिकविले. त्यांच्या धर्माशी आम्हास येथे कर्तव्य नाही. परंतु त्या माणसाने गोंड लोकांची भाषा, त्यांच्या चालीरीती, गाणी टिपून ठेवली. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापून निघाली. परका गोरा माणूस येथे येऊन रानातल्या माणसांचे शब्द टिपतो, आणि आम्ही विणकराचे पोर असून विणकराच्या पोराची भाषा दोन वर्षांत शिकलो नाही!

मग आम्ही त्या मुलालाच गुरू केले. माग, धोटा, दोरा, पाऊस, बैल, नांगर यांना ओरोमोत काय म्हणतात ते तो सांगे आणि आम्ही लिहून घेत असू. वर्गात दार लोटून आधी पोरांना त्यांच्या भाषेत उदाहरण समजावून घेऊ दिले, मग त्याचे इंग्रजी केले. पोरे बोलू लागली. चुका पुष्कळ करीत, पण बोलत. काही जण आठवी पार पडले. तो मुलगा पडला नाही. इंग्रजीच्या पेपरात गेला. फार उशीर झाला होता, आणि त्या उशिरात आमचा वाटा होता.

आम्ही परतलो त्या साली वोलो प्रांतात भयंकर दुष्काळ होता. १९७४ साली बादशाही गेली. १९७५ साली नव्या लष्करी सरकारने जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या. पुढे त्याच राजवटीत रक्तही पुष्कळ सांडले. १९७९ साली साक्षरतेची मोठी मोहीम निघाली ती पुढे वाढत पंधरा भाषांत गेली, आणि १९९४ च्या धोरणाने प्राथमिक शिक्षण मुलांच्या मातृभाषेत देण्याचे ठरले. इंग्रजी पहिलीपासून राहिली, पण एक विषय म्हणून. आमचा विद्यार्थी तोवर तिशी उलटून गेला असेल. जिवंत असेल तर.

आता कोणी म्हणेल, मास्तर स्वतः इंग्रजीची भाकर खाऊन आम्हास मराठीचा उपदेश करतात. तसे नाही. त्या पगारावर आमच्या बहिणीचे लग्न झाले, घरावर कौले चढली. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त आपल्या लोकांना इंग्रजी शिकण्याची हाक दिली ती उगीच नव्हे. परंतु जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे रयतेच्या पोरांसाठी काय मागितले तेही पाहा: मोडी व बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे ज्ञान. आधी पोराच्या पायाखालची जमीन, मग शिडी.

हल्ली आपल्या मोहल्ल्यातून तीन वर्षांचे पोर टाय बांधून कॉन्व्हेंटात जाते. त्यासाठी आई दागिना मोडते. घरी आल्यावर ते धडा घडाघडा म्हणते. त्याचा अर्थ विचारला की खाली पाहते. ते खाली पाहणे आम्ही ओळखतो. आपल्या मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तो नीट शिकवितात की नाही हे विचारायला आपल्यापैकी किती जण शाळेत जातात? मास्तर इंग्रजीच्या तासाला काय करतो, पोराला मराठीत समजावून सांगतो की नुसते घोकवितो, हे विचारण्यास बापाला इंग्रजी येण्याची गरज नाही. आणि पोर कोणत्याही शाळेत असो, आठवड्यातून एकदा त्याला जवळ बसवून म्हणावे की आज काय शिकलास ते आजीला कळेल असे सांग. सांगता आले नाही तर पोराला रागावू नये. दुसऱ्या दिवशी मास्तराला गाठावे.

निघण्याच्या दिवशी त्या विणकराने आम्हास एक शम्मा दिला. पैसे घेतले नाहीत. काठ त्या मुलाने बसविला होता, असे तो म्हणाला. पन्नास वर्षे पेटीत होता, आज आणला आहे, तो या टेबलावर ठेवतो. आपल्यातील ज्या म्हाताऱ्यांनी माग चालविला आहे त्यांनी तो हाती घेऊन पाहावा. काठाचे दोरे त्याने कसे घातले आहेत ते आम्हास आजवर उलगडलेले नाही. कोणास उलगडले तर सांगावे.